पाणी गरम झाली



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बंगळुरूहून मुलगा, सूनबाई आणि दोन्ही नातवंडं आली होती. आठ दिवस राहिली. आता घर परत शांत झालंय. रजया उन्हात घालून कपाटात गेल्या, पोंकाबरोबरची शेव डब्याच्या तळाला राहिली आहे, आणि माझ्या डोक्यात एक हिशेब राहून गेलाय. तो आज तुमच्यासमोर मांडतो. आपल्या बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत थोड्याफार फरकाने हेच चालत असणार, म्हणून.

मत आधीच सांगून टाकतो. सुट्टीत चार दिवस घरी आलेल्या नातवंडांच्या मराठीच्या चुका काढू नका. कोणीच काढू नयेत, पण आपण बडोदेकरांनी तर मुळीच नाही.

आता हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय तेही ऐका. आठांपैकी पहिले चार दिवस मी नेमकं तेच करत होतो.

नात तेरा वर्षांची, नातू आठचा. सूनबाई म्हैसूरकडची, कन्नड बोलणारी. मुलांची शाळा इंग्रजी, आजोळ कन्नड, खाली खेळायला गेलं की हिंदी. मराठी फक्त बापाकडून कानावर पडतं, आणि बाप सकाळी नऊला घरातून निघतो तो रात्री आठला येतो. तेव्हा पोरांना जे काही मराठी येतं ते खरं तर आमच्या हिच्यामुळे. ही रोज संध्याकाळी फोनवर त्यांच्याशी बोलते. काय जेवलास, भाजी कोणती होती, बहिणीशी भांडलास का, असलं काहीतरी अर्धा तास चालू असतं.

आले त्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बडोद्यात बऱ्यापैकी गारठा होता. नातू स्वेटर घालून न्हाणीघराच्या दारात उभा राहिला आणि मला म्हणाला, "आबा, पाणी गरम झाली?"

मी म्हटलं, "झाली नाही, झालं. ते पाणी. नपुंसकलिंगी."

तो म्हणाला, "झालं."

थोड्या वेळाने, "आबा, मला थंडी वाजतो." मी म्हटलं, "वाजते. ती थंडी." मग जेवताना, "आबा, तू हे खाणार?" मी म्हटलं, "मोठ्या माणसांना तुम्ही म्हणायचं." त्याने आजीकडे बघितलं. आजीला तो "तू"च म्हणतो, त्यामुळे आजी मोठी नाही का, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता. पण विचारला नाही.

मंडळी, मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीच दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासण्यात गेली. हातात व्हाउचर आलं की आधी चूक दिसते, मग बाकीचं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी खोड गेली नाही. लग्नपत्रिका हातात आली तरी मी आधी शुद्धलेखन बघतो. आणि मला मनापासून वाटत होतं की मी चांगलं काम करतोय. म्हटलं, आठ दिवस आहेत, निदान पाच-पन्नास चुका तरी काढून टाकू.

त्यात दोघं-तिघं नातेवाईक भेटायला आले. आपल्याकडे पद्धतच आहे. पोरगं समोर आलं की पहिला प्रश्न, "मराठी येतं का रे?" दुसरा, "म्हणून दाखव बघू काहीतरी." मग मी कौतुकाने म्हटलं, "पाणी गरम झाली का ते विचार बघू." सगळे हसले. मीही हसलो. नातू पण थोडा हसला. सूनबाई उठून चहा करायला गेली. चहा तर आमच्या हिने आधीच टाकलेला होता.

चौथ्या दिवशी दुपारी मी वामकुक्षी करून उठलो. स्वयंपाकघरात आजी आणि नातू खाली बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. रात्री लीलवाच्या कचोऱ्या करायच्या होत्या. आणि नातवाचं तोंड अखंड चालू होतं. शाळेत एका मुलाने बेंचवर डिंक ओतला, मग मॅडमची साडी चिकटली, मग सगळ्यांना उभं केलं, अशी काहीतरी मोठी गोष्ट. "मॅडम खूप रागावला, तिची साडी फाटला, मी हसली नाही आजी, प्रॉमिस." एका वाक्यात तीन चुका. पण गोष्ट रंगली होती, आणि ही हसून हसून डोळे पुसत होती.

मी दारात जाऊन उभा राहिलो. त्याने मला पाहिलं आणि गोष्ट थांबली. मी म्हटलं, "काय रे, काय झालं शाळेत? मलाही सांग की." तर त्याने मला सांगितली. इंग्रजीत. दोन वाक्यांत. फाड फाड, एकही चूक नाही. आणि परत शेंगा सोलायला लागला.

रात्री हिला म्हटलं, "तुझ्याशी इतका बोलतो, माझ्याशी का नाही?"

ही म्हणाली, "अहो, मी त्याच्याशी बोलते. तुम्ही त्याची वही तपासता."

झोप लागली नाही. आणि त्या रात्री, का कोण जाणे, मला पुण्याचं लग्न आठवलं.

१९६० सालची गोष्ट. त्याच वर्षी १ मेला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. माझा जन्म झाला तेव्हा बडोदं मुंबई राज्यात होतं, आणि दांडिया बाजारातलं आमचं घर एक वीतभर न हलता आम्ही गुजरातचे झालो. मी दहा वर्षांचा होतो. मार्गशीर्षात पुण्याला मावशीच्या घरी लग्न होतं. आईने नवा स्वेटर विणून दिला होता. मी पहिल्यांदाच पुणे बघणार होतो, इतका खूश होतो की काय सांगू.

पोहोचलो त्या दिवशी संध्याकाळी वाड्यातली पोरं खेळत होती. मी मावशीला म्हटलं, "मावशी, मी रमायला जाऊ?"

आपल्याला काय ते कळतं. आजूबाजूला सगळी गुजराती मुलं, ती "रमवा चाल" म्हणायची, आमच्या तोंडी "रमायला" बसलेलं. पण तिथे एकदम हशा पिकला. "रमायला जातोय! कुणात रमणार रे?" मग मी पेल्याला काय म्हणतो, गच्चीला अगाशी का म्हणतो, सगळ्याची चौकशी झाली. दुसऱ्या दिवशी मी बोलता बोलता "टोपी आणायला भूललो" म्हणालो, मग तर विचारूच नका. मावशीच्या दिरांनी मला पाहुण्यांच्या पंगतीसमोर उभं करून तीच वाक्यं परत म्हणायला लावली. वाईट माणूस नव्हते ते. माझ्या हातावर पेढा ठेवला, पाठ थोपटली. सगळं गंमतीत.

लग्न होईपर्यंत मी जवळजवळ गप्प होतो. विचारलं तर मान हलवायची. आईला वाटलं मला बरं नाही. नंतर दोन-तीन वर्षं पुण्याला जायची गोष्ट निघाली की माझं पोट दुखायचं. ते खरोखर दुखत नव्हतं हे मी आईला कधीच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

पासष्ट वर्षं झाली त्याला. मावशीच्या दिरांचा चेहरा मला आठवत नाही, पण तो पेढा आठवतो. आणि माझ्या नातवाला पाहुण्यांसमोर उभं करून "पाणी गरम झाली" म्हणायला लावणारा माणूस मीच.

म्हणून म्हटलं, बडोदेकरांनी तर मुळीच नाही. आपलं मराठी कधी शुद्ध होतं हो? आपण गच्चीला अगाशी म्हणतो, संक्रांतीला उत्तराण म्हणतो, वर्तमानपत्राला छापं म्हणतो, भाजीला कधी भाजी, कधी शाक. पुणेकर, मुंबईकर पाहुणे आपल्या बोलण्याला हसले की आपल्याला राग येतो. तेव्हा आपण अभिमानाने सांगतो, ही आमची बडोद्याची मराठी, तिचा लहेजाच वेगळा. बरोबर आहे. दोन भाषा शेजारी शेजारी राहिल्या की असंच होणार. सेव-उसळ बघा. उसळ आपली, शेव गुजरात्यांची, वर पाव. आख्खं शहर चाटून-पुसून खातं, कुणी विचारत नाही की हा पदार्थ व्याकरणात बसतो का. मग बंगळुरूच्या पोराच्या मराठीत थोडं कन्नड, थोडं इंग्रजी मिसळलं तर तेवढ्यालाच आपण लाल शाई का काढतो?

आणि उशिरा शिकण्याचं म्हणाल, तर ज्यांच्या नावावर आपण इतकं मिरवतो ते सयाजीराव महाराज कोण होते? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. १८७५ साली दत्तक घेऊन बडोद्याला आणला तेव्हा वय बारा, आणि तोवर अक्षरओळखही नव्हती. बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात केली. त्याच माणसाने पुढे १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, गावोगावी वाचनालयं काढली. आमचा नातू तर अजून आठच वर्षांचा आहे.

आता कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की साहेब, चुका काढायच्याच नाहीत तर भाषा टिकणार कशी? असंच "पाणी गरम झाली" चालू राहिलं तर पुढच्या पिढीत तेवढंही उरणार नाही.

मला हा प्रश्न खोटा वाटत नाही. मलाही ती भीती वाटते, म्हणून तर मी चुका काढत होतो. पण थोडा विचार करा. चूक कोण करतो? जो बोलतो तो. गप्प बसणाऱ्याची चूक कधीच होत नाही. आम्ही शाखेत रात्री कॅश जुळवायला बसायचो. दहा-वीस रुपयांचा फरक काही केल्या सापडत नसला तर तो तात्पुरता सस्पेन्स खात्यात टाकून दिवस बंद करायचो. फरक विसरायचा नसतो, पण त्याच्यासाठी शाखा दुसऱ्या दिवशी उघडायचीच नाही असंही करता येत नाही. लिंगवचनाच्या चुका त्या खात्यात टाका. बोलणं चालू राहिलं तर त्यातल्या निम्म्या आपोआप जुळतात. खातंच बंद झालं तर जुळवणार काय?

ही काय करते ते मी पाचव्या दिवसापासून नीट बघितलं. नातू म्हणाला, "आजी, दूध सांडली." ही म्हणाली, "अरेरे, दूध सांडलं? जा, फडकं आण." बास. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला, पण चूक झाली म्हणून कोणी थांबवलं नाही. गोष्ट दुधाची होती, ती दुधाचीच राहिली. ही कुठल्या शाळेत शिकली नाही हे. माझ्या मुलालाही तिनेच असं मराठी शिकवलं, कारण मी होतो कुठे?

तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत बँकांचं हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. आता मार्चला संपतं. कॉम्प्युटर नव्हते. प्रत्येक खात्याचं व्याज हाताने काढायचं, लेजर जुळवायची. डिसेंबरचा पूर्ण महिना घरी यायला रात्रीचे दहा-अकरा, आणि ३१ तारखेला तर पहाट. जग नवं वर्ष साजरं करायचं आणि आम्ही दीड रुपयाचा फरक शोधायचो. त्यात बदल्या, दाहोदकडे, भरूचकडे. मुलगा लहान असताना त्याचे थंडीचे दिवस मी पाहिलेच नाहीत. पोंक खायला कोणी नेलं, फिरकी कोणी धरली, हे सगळं मला हिच्याकडून कळायचं. मी रविवारी घरी यायचो आणि त्याची वही तपासायचो. बघा, तेव्हापासूनच.

तर पाचव्या दिवशी मी ठरवलं, आज एकही चूक काढायची नाही. सोपं नव्हतं, खरं सांगतो. मुलाने त्या दिवशी सगळ्यांना केवडियाला सरदारांचा पुतळा बघायला न्यायचं ठरवलं होतं. नातू म्हणाला, मी आबाबरोबर पतंग आणायला जातो. मला जरा आश्चर्यच वाटलं. मुलगा, सूनबाई आणि नात गेली, आम्ही दोघं रिक्षाने गेंडीगेटला गेलो. तुम्हाला माहीत आहे डिसेंबरअखेर तिथे काय असतं ते. पतंगांच्या थप्प्या, रस्त्याच्या कडेला दोरा रंगवणारे, सगळीकडे गुलाबी हात. नातू बघतच राहिला. मी गप्प. तो विचारेल तेवढंच सांगायचं.

घरी येऊन अगाशीत उन्हात बसलो. पतंगाला किन्ना कशी बांधायची ते मी त्याला दाखवलं. वरची दोन भोकं, खालची दोन भोकं, गाठ, मग दोन्ही दोरे बोटांनी मोजून बघायचे. तो म्हणाला, "आबा, तू हळू कर, मला दिसत नाही." तू म्हणाला. मी हळू केलं.

मग त्याने स्वतः बांधली. चार वेळा चुकला. त्या वेळी मात्र मी चूक दाखवली, कारण किन्ना तिरकी असली तर पतंग गोते खातो, त्यात त्याचं नुकसान आहे. त्याला वाईट वाटलं नाही. हातातल्या कामात चूक दाखवलेली मुलांना चालते. बोलताना मध्येच तोंड धरलेलं चालत नाही. हा फरक मला पंचाहत्तराव्या वर्षी कळला.

किन्ना बांधता बांधता त्याने मला डिंकाची पूर्ण गोष्ट सांगितली. मराठीत. मॅडम परत रागावला, साडी परत फाटला. मला तीनदा घशाशी आलं, तीनदा मी शेंगदाण्याची चिक्की तोंडात टाकली. गोष्ट खरंच छान होती. चार दिवस आधी ऐकायला मिळाली असती.

म्हणून आजी-आजोबांना माझं सांगणं एवढंच. मुलं चार दिवस येतात. त्यांना पाहुण्यांसमोर मराठी बोलून दाखवायला सांगू नका. पुण्याच्या चुलतभावाशी तुलना करू नका. शेंगा सोलायला बसवा, तिळाचे लाडू वळायला घ्या, चटका बसला की आपोआप "आई गं" म्हणतात. बरोबर शब्द आपल्या उत्तरात येऊ द्या. वाचायला बसवलंत तर तिथे जरूर सुधारा, ती अभ्यासाची जागा आहे. आणि घरातल्या सुनेचं किंवा जावयाचं मराठी मोडकं असेल, तर तिथेही हाच नियम. आमच्या सूनबाईने लग्नानंतर स्वतःहून मराठी शिकून घेतलं, मी मात्र इतक्या वर्षांत दहा शब्द कन्नड शिकलो नाही. आठव्या दिवशी निघताना मी तिला म्हटलं, "त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी चुकलो." ती म्हणाली, "असू दे बाबा." एवढंच म्हणाली. पण तिने ते लक्षात ठेवलं होतं हे मला समजलं.

परवा रात्री फोन आला. एरवी आजीला मागतो, या वेळी मला मागितलं. "आबा, माझा फिरकी नीट ठेवला ना? उत्तराणला मी येणार नाही, शाळा आहे. तू माझी पतंग उडव. मोठा वाला. आणि काटला तर मला सांग."

खोटं बोलत नाही, मी चुका मोजल्या. खोड आहे, जाणार नाही. पण म्हणालो एवढंच, "हो रे, फिरकी नीट ठेवली आहे. मोठा पतंग उडवतो आणि तुला सांगतो."

त्याने "उत्तराण" म्हटलं, तुमच्या लक्षात आलं का? आठ दिवसांत तेवढं बडोदं त्याच्या तोंडात बसलं. ते मी शिकवलेलं नाही.

तुमच्याकडे आलेली नातवंडं कशी बोलतात, आणि तुमचे कुठले शब्द पुण्या-मुंबईकडे हसण्यावारी गेले होते, तेही लिहा. वाचायला आवडेल. तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि नातवंडांनी चुकीचं का होईना, पण बोलू द्या.

— एक निवृत्त बँकवाला, बडोदे